बादलीभर व्हॅक्यूम

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हवी तर पैज लावा. दुसऱ्या कोणी मला ती सांगितली असती तर मी त्याच्या तोंडावर हसलो असतो आणि वर त्याला गार पाणी पाजून सावलीत बसवलं असतं. पण ती घडली माझ्याच बाबतीत, आणि माझ्या बाबतीत साध्या गोष्टी कधी घडतच नाहीत. त्याला माझा इलाज नाही.

"इलाज आहे. तोंड मिटायचं," हे आमच्या हिचं मत. ही म्हणजे माझी बायको. तिने माझ्या सगळ्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यातली एकही तिला पटलेली नाही, तरी संसार टिकला. यावरून एक तर बाई किती सोशिक ते कळतं, नाहीतर गोष्टी किती चांगल्या ते कळतं. मी दुसरं धरून चालतो.

तर ही गोष्ट मी सांगितली एका सुट्टीच्या दुपारी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. ऐकायला दोघीच. ही समोर फळी-सुरी घेऊन घेवड्याच्या शेंगा चिरत होती, आणि नात मांडीवर बूट घेऊन त्याला पॉलिश करत होती. बुटात आपला चेहरा दिसायला लागून बराच वेळ झाला होता, तरी तिचा ब्रश थांबत नव्हता. मनात काही खुपत असलं की माणूस हातातल्या वस्तूचा जीव घेतो.

काय खुपत होतं ते सांगतो, म्हणजे घोडं कुठे अडलं होतं ते कळेल. नात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मेकॅनिकल. मार्क असे, की शेजारपाजारची माणसं आपल्या पोरांना तिचं उदाहरण देऊन घाबरवतात. पण विद्यापीठाचा नियम असा, की नुसती पुस्तकं घोकून पदवी मिळणार नाही. एक अख्खं सत्र खऱ्या कारखान्यात, खऱ्या यंत्रांपाशी, खऱ्या साहेबाच्या हाताखाली काम करायचं. 'हिला काम येतं' अशी कारखान्याची सही आली, की मगच पदवी. नियम चांगला आहे. मला विचाराल तर लग्नालाही लावावा.

"लावला असता तर तुम्ही अजून उमेदवारीतच असता," ही म्हणाली.

अडचण एवढीच, की कारखान्याने आधी आत घ्यायला हवं. तीन कारखान्यांनी नातीला भेटायला बोलावलं, चहा दिला आणि परत पाठवलं. चौथा उद्या सकाळी. पंप बनवणारा. त्यानंतर बोलावणारं कोणी उरलं नव्हतं आणि सत्र सुरू व्हायला आलं होतं. उद्या नाही म्हणाले की वर्ष गेलं. बरोबरीच्या मुली पदव्या घेऊन कामाला लागणार आणि आमची नात पुन्हा दारोदार 'मला घेता का' विचारत फिरणार.

"काय मान्यबाई," मी म्हटलं, "झाली का उद्याची तयारी?"

घरात तिला मान्यबाई म्हणतात. कारण तिला काहीही सांगा, मान्य असतं. लहानपणी मी तिला सांगितलं होतं, की चंद्र दिवसा धुवायला टाकतात म्हणून दिसत नाही. तिने मान डोलावली आणि विचारलं, वाळतो कधी?

"तयारी झाली, आजोबा," ती म्हणाली. "पण मी जाणार नाही."

हिची सुरी थांबली. "जाणार नाही म्हणजे? शर्टाला इस्त्री कोणी केली मग, मी?"

"आजी, तिथेही तेच होणार. उगाच बसभाडं घालवायचं."

"तेच म्हणजे काय? परवाच्या ठिकाणी काय झालं ते सांग यांना."

"काही नाही गं."

"काही नाही म्हणे! सांग."

मग हळूहळू बाहेर आलं. परवाच्या कारखान्यातले साहेब चांगले वयस्कर, पिकल्या केसांचे, बाळ बाळ करून बोलणारे. त्यांनी कागदावर दोन टाक्या काढल्या. एक अरुंद, एक रुंद. दोन्हींत पाणी सारख्याच उंचीचं. आणि म्हणाले, "रुंद टाकीत पाणी जास्त, म्हणून तिच्या तळाशी दाबही जास्त. बरोबर ना, बाळ?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मान डोलावली."

"बरोबर होतं का ते?"

"छे!" नातीचा ब्रश पहिल्यांदाच थांबला. "दाब पाण्याच्या उंचीवर असतो. रुंदीचा काय संबंध? शाळेतलं पोरही सांगेल."

"मग तू शाळेतल्या पोराहून गेलीस?"

"आजोबा, ते केवढे मोठे! माझं वय नाही तेवढी वर्षं कारखाना चालवतायत. त्यांना तोंडावर चूक कसं म्हणायचं? मला वाटलं, त्यांच्या मनात दुसरं काही असेल. मला वाटलं, मीच विसरले असेन. तोवर मान हलूनसुद्धा गेली."

साहेबांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "बाळ, तुला सगळं येतं, हे मला दिसतंय. पण हो म्हणणारी माणसं माझ्याकडे ढिगाने आहेत. बॉयलरपाशी मला नाही म्हणणारं माणूस लागतं. एका चुकीच्या हो वर अख्खं छप्पर उडतं."

मग हिने सुरी माझ्याकडे रोखली. घेवड्यासाठी काढलेली सुरी माझ्याकडे वळली की मी सावध होतो.

"ही सवय कोणी लावली तिला? बोलायला लागल्यापासून ही पोर तुमच्या थापांना मान डोलावतेय. या घरात तिला तोंड उघडायला जागा तरी होती का? सगळी तुम्हीच अडवलेली."

"थापा? मी?"

"नाही, मी! चंद्र मीच धुवायला टाकला होता!"

हा आरोप मी जागच्या जागी फेटाळला. आमच्याकडे आरोप घसा खाकरून फेटाळतात. मग खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "कारखान्याचा विषय निघालाच आहे, तर माझ्या उमेदवारीची गोष्ट सांगतो. ऐक, मान्यबाई. उद्या उपयोगी पडेल."

"झालं सुरू," ही म्हणाली, आणि शेंगा पुढे ओढल्या.

हिच्या सुरीचं एक आहे. मी खरं बोलत असलो की ती फळीवर टकटक चालू असते. मी जरा वळण घेतलं की थांबते. जगात कुठल्याही यंत्राला इतकी अचूक सुई नसेल. मी तिकडे काणाडोळाच करतो.

"तर आमच्या वेळीही हा नियम होता," मी सुरू केलं. "कारखान्यात राबा, फोरमनची सही आणा, मग पदवी. मला पाठवलं ते पंप आणि बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात. कारखाना कसला, अजगर होता. इतका लांब, की सकाळचा भोंगा फाटकापाशी वाजला की मागच्या टोकाला तो दुपारी ऐकू यायचा. मागच्या टोकाची माणसं रोज जेवायच्या सुट्टीत कामावर यायची आणि त्यांना कोणी काही बोलायचं नाही."

सुरी थांबली.

नातीने मान डोलावली. "हं."

"काय गं," हिने नातीला विचारलं, "आवाज सेकंदाला किती पळतो?"

"साधारण तीनशे चाळीस मीटर, आजी."

"मग?"

"असेल गं. जुना कारखाना आहे ना."

हिने कपाळाला हात लावला. मी पुढे निघालो.

"आमच्या फोरमनला सगळे तोफ म्हणायचे. माणूस बोलायला लागला की छपराचे पत्रे थरथरायचे. तो घरी 'मीठ वाढ' म्हणाला की इकडे कारखान्यातलं गिऱ्हाईक दचकायचं. मिशी ही अशी, दोन्ही बाजूंनी वर गेलेली. एकेका टोकाला एकेक टोपी अडकवावी. सही याच तोफेची हवी होती. आणि तोफेच्या हाताखाली एक जुना रिवाज होता. नवा विद्यार्थी आला, की पहिल्याच दिवशी त्याला स्टोअरमधून अशी वस्तू आणायला पाठवायचं, जी जगात नाहीच. माझ्या आधीच्याला डावऱ्या माणसाचा हातोडा आणायला पाठवला होता. त्याच्या आधीच्याला पातळी बघायच्या लेव्हलच्या नळीतला सुटा बुडबुडा. पोरं बिचारी दिवसभर या विभागातून त्या विभागात वणवण करायची, रिकाम्या हाताने परत यायची, मग सगळे पोट धरून हसायचे, चहा पाजायचे, आणि पोरगं कारखान्याचं व्हायचं."

टकटक टकटक. सुरी चालू होती. कारण हे खरंच होतं. असा रिवाज कुठल्या कारखान्यात नसतो?

"मला तोफेने बोलावलं. आजूबाजूला फिटर, वेल्डर, लेथवाले, सगळे तोंडं वळवून उभे, खांदे हलतायत. तोफ म्हणाला, 'इंजिनिअरसाहेब, स्टोअरमध्ये जा आणि बादलीभर व्हॅक्यूम घेऊन ये. आणि हळू आण. वाटेत सांडू नकोस.'"

नात हसली. बरं वाटलं. सकाळपासून हसली नव्हती.

"व्हॅक्यूम म्हणजे निर्वात पोकळी," ती आजीला म्हणाली. "जिथे हवासुद्धा नाही अशी रिकामी जागा."

"कळतं मला. यांच्या डोक्यावरून कल्पना आहे."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. "आता मला काय कळत नव्हतं? बादली वरून उघडी, तिच्यात पोकळी राहील कशी? पण तोफेसमोर तोंडातून शब्द फुटेना. मान डोलावली आणि बादली घेऊन निघालो. घराण्याचा गुण आहे तो, तुझ्यापासून सुरू झालेला नाही. स्टोअरवाल्याला सगळे कुलूप म्हणायचे. तो म्हणाला, 'व्हॅक्यूम? अरेरे, आत्ताच संपला. ओतशाळेत बघ.' ओतशाळेतले म्हणाले, 'आमच्याकडे आहे, पण गरम आहे, हात पोळेल.' रंगकामवाल्यांनी विचारलं, 'कुठल्या रंगाचा हवा? पांढरा लवकर मळतो.' पॅकिंगवाले म्हणाले, 'किलोवर देत नाही, अख्खी पेटी न्यावी लागेल.' असा मी सगळा कारखाना पालथा घातला. एवढंच झालं, की कुठे काय बनतं, भट्टी कुठे, भंगार कुठे, कोणाच्या हाताखाली काय पडलंय, ते सगळं मला पाठ झालं. आणि भट्टीपाशी उभा असताना मनात आलं, की मागितलाय ना? मग देऊनच टाकू."

"कसा?" नातीने विचारलं.

"भंगारातून तेलाचा रिकामा डबा घेतला. तळाशी ओंजळभर पाणी घातलं. भट्टीवर ठेवला. पाणी उकळलं, वाफ झाली, वाफेने आतली हवा बाहेर हुसकून लावली. चांगली फुसफुसायला लागली तसं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा गार पाण्यात सोडला. आतल्या वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि उरली..."

"पोकळी!" नात म्हणाली. "आणि डबा चेमटला असेल."

"चेमटला? धाडकन आवाज झाला आणि डब्याची पार चोळामोळा केलेली पिशवी झाली. ओतशाळेतले दोघे खाली बसले."

टकटक टकटक.

"हे खरं आहे, आजी," नात म्हणाली. "आम्ही लॅबमध्ये केलंय. बाहेरची हवा चेपते त्याला."

"एवढं एक खरं," ही म्हणाली. "जपून ठेव."

"पातळ पत्र्याचं हे काम नव्हतं," मी पुढे म्हटलं. "मग शोधलं जाड बिडाचं पिंप, बोटभर जाडीचं, वर व्हॉल्व्ह बसवलेला. त्याच्यात तीच युक्ती केली. बादलीऐवजी ते हातगाडीवर घातलं आणि तोफेसमोर नेऊन उभं केलं. म्हटलं, 'साहेब, बादलीत मावेना, म्हणून पिंपात आणला. सांभाळून, सांडेल.' तोफेने पिंपावर थाप मारली. 'यात काय आहे? हे रिकामं आहे!' म्हटलं, 'साहेब, तेच तर मागितलं होतं.'"

नात खळखळून हसली. हिच्याही ओठाचा एक कोपरा हलला, पण तिने तो लगेच जागेवर आणला.

"तोफ म्हणाला, 'रिकामं आणि व्हॅक्यूम यात फरक काय, दाखव!' आणि वाकून व्हॉल्व्हच्या तोंडाशी नाक नेलं. मी चाक फिरवलं. सुर्र! तोफेची अर्धी मिशी आत. तोफ ओरडतोय, पत्रे थरथरतायत, मिशी काही बाहेर येत नाही."

सुरी थांबली. नातीने मान डोलावली.

बरं, म्हटलं, जरा वाढवू. "मग काय, पोकळीला एकदा चव लागली ती लागली. बाकावरचे नट आवळायचे पाने उडाले. भिंतीवरच्या टोप्या उडाल्या. वरच्या मजल्यावर मोठे साहेब होते, त्यांचं टक्कल कारखान्यात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांचा केसांचा टोप जिन्यावरून एकेक पायरी उतरत आला आणि पिंपात शिरला."

"हं," नात म्हणाली. मान चालूच.

मी आणखी वाढवलं. "शेवटी कारखान्याचं मांजर. खांबाला नखं रोवून धरलंय, पण उपयोग काय? आधी शेपूट, मग मागचे पाय, मग मिश्या. पार आत. वरून नुसतं म्याव."

"अगंबाई!" नात म्हणाली. "लागलं नाही ना त्याला?"

खरं सांगतो, तेव्हा माझी गोष्टच अडखळली. गोष्टी सांगणाऱ्याला जगात एकच भीती असते. ऐकणाऱ्याने सगळंच मानलं तर? समोर भिंत नसेल तर चेंडू परत यायचा कुठून? व्हॉल्व्ह मिशीने बुजलेला, त्यातून पाने जातात, टोप जातो, धडधाकट मांजर जातं, आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोर मांजराला मलम लावायला निघाली आहे! उद्या पंपवाल्याने तिला सांगितलं, की आमचा पंप उन्हाळ्यात अंडी घालतो, तर पोर विचारणार, उबवतं कोण?

मी हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात एकच शेंग होती आणि ती चिरत नव्हती. जन्मात पहिल्यांदा तिने मला मान हलवून पुढे जा म्हटलं.

मी खुर्चीत सरळ बसलो. आवाज जरा जड केला, साहेबासारखा.

"मांजर ठीक आहे. पण खरी गोष्ट पुढेच आहे, बाळ. तोफेची मिशी सुटली. माणूस चिडेल असं वाटलं, पण तो म्हणाला, 'गंमत छान केलीस. सही मात्र गमतीवर देत नाही. काम दाखव.' आणि काम चालत आलं. बॉयलरवरचा माणूस धावत आला, तोंड पांढरं. छपरावरची टाकी कोरडी पडलेली, बॉयलरमधलं पाणी खाली खाली चाललेलं. विहिरीतला पंप मोडलेला. पाणी आलं नाही तर बॉयलर फुटणार. तेव्हा मागच्या बाजूला विहीर होती, तीन पुरुष खोल, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. आणि टाकी छपरावर, चार मजले वर. मध्ये नुसता पाइप. सगळे माझ्याकडे बघायला लागले."

नातीचा ब्रश थांबला होता. मांडीवरचा बूट तिने टेबलावर ठेवला. एरवी जेवणाच्या टेबलावर बूट ठेवला म्हणून हिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिने फळी सरकवून जागा करून दिली.

"मी म्हटलं, 'माझं पिंप वर न्या.' चौघांनी पिंप छपरावर चढवलं. नव्याने चांगली कडक पोकळी भरली होती त्यात. विहिरीतल्या पाइपचं वरचं टोक पिंपाला जोडलं. खाली पाणी, वर पोकळी, मध्ये पाइप. चाक फिरवलं. पोकळीने पाण्याला अशी ओढ लावली, अशी ओढ लावली, की पाणी विहिरीतून निघालं ते एक मजला, दोन मजले, तीन मजले..."

नातीचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"...चार मजले! गडगडत, फेसाळत, थेट छपरावर! टाकी भरली, बॉयलर वाचला, तोफेने टोपी काढली आणि तिथल्या तिथे माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. माझं असं म्हणणं आहे, बाळ, की पोकळी चांगली कडक असली तर पाणी हवं तेवढं वर ओढता येतं. खाली पंप कशाला बसवायचा? बरोबर ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ते शब्द तिने ओळखले. आवाजही ओळखला असावा. तिची मान खाली यायला लागली, जन्माच्या सवयीने, अर्ध्यापर्यंत आली.

तिथे अडली.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "एक विचारू?"

"विचारायचं काय त्यात? मी स्वतः छपरावर उभा होतो. माझे केस बघ किती पिकलेत. तुझं वय नाही तेवढी वर्षं मी ही गोष्ट सांगतोय. मोठ्या माणसाला तू काय शिकवणार?"

"नाही, म्हणजे..."

"नाही म्हणजे काय? बरोबर ना?"

"नाही."

"काय नाही?"

"बरोबर नाही!" ती उठून उभीच राहिली, हातात ब्रश तसाच. कानांच्या पाळ्या लाल. "साफ चूक! पोकळी ओढत नाही, आजोबा. पोकळी काहीच करत नाही, ती नुसती रिकामी असते. पाण्याला वर ढकलते बाहेरची हवा, खालून, विहिरीच्या पाण्यावर दाब देऊन. त्या डब्याला तिनेच चेपलं होतं, तुम्हीच सांगितलंत! आणि हवेचा जोर असतो तेवढाच असतो. ती पाण्याला दहा मीटर उचलते, जेमतेम दहा. त्याच्या वर एक थेंब नाही. तुम्ही जगातली सगळी पोकळी गोळा करून छपरावर नेऊन ठेवलीत तरी नाही!"

"अगं, पण माझी पोकळी कडक..."

"पोकळी कडक नसते आणि मऊ नसते! काही नाही म्हणजे काही नाही, त्याहून जास्त काही नाही असतं का? तीन पुरुष खोल विहीर आणि वर चार मजले, अर्ध्या वाटेवर पाणी थांबलं असतं आणि तुमचा बॉयलर फुटला असता! म्हणून तर पंप खाली बसवतात, पाण्यापाशी, आणि पाणी वर ढकलतात. हे मला उद्या त्या साहेबांनी विचारलं ना, तर त्यांनाही हेच सांगेन, केस पिकलेले असले तरी!"

"सांग, सांग," ही म्हणाली. डोळ्यांतलं पाणी घेवड्याने येत नाही, पण ती पदराने पुसत होती.

मी घसा खाकरला. "हे बघ, बॉयलरचं जाऊ दे. बाकीची गोष्ट तरी..."

"बाकीची? दुपारी भोंगा ऐकू यायला तुमचा कारखाना चार देश ओलांडून जायला हवा! आणि ज्या नळीत मिशी अडकते तिच्यातून टोप कसा जाईल? खोटं बोलताय तुम्ही, आजोबा, पहिल्यापासून खोटं, आणि ते मांजरसुद्धा खोटं!"